युरोपला जाणारी पिशवी

आत

आधी पिशवीचंच सांगायला हवं, कारण पूर्णा गावात तशी पिशवी कुणी पाहिलेली नव्हती. जुन्या तंबूचं जाड कापड, वर झाकण, मागं दोन पट्टे. गंगासागरनं मासिकातलं चित्र दाखवून ती शिंप्याकडून शिवून घेतली. शिंप्यानं विचारलं, घोड्याला का गाढवाला? तिनं सांगितलं, मास्तरणीला.

गंगासागर शाळेत भूगोल शिकवायची. नकाशावर काठी फिरवून फिरवून कंटाळली होती. पगारातून साठवत साठवत या उन्हाळ्यात ती युरोपला निघाली होती, तीही एकटी. तिकडच्या सगळ्या गाड्यांना चालणारा रेल्वेचा एकच पास, रात्री वसतिगृहातली खाट, बाकी सगळं पायी. वडील सूर्यभान रेल्वेत गँगमन होते, त्यांना त्या पासाचं भारी कौतुक. पास म्हणजे आपलंच खातं, असं सांगत ते कॉलनीभर फिरून आले.

तर पिशवीत गेल्या दोन साड्या, वडिलांची कंबरेत आवळून घेतलेली खाकी पँट, स्वेटर आणि छत्री.

बाहेर

स्वेटर. शेजारच्या कडूबाईनं ऐन मे महिन्यात तो बघितला आणि पोरीला ऊन लागलं म्हणून गल्लीत सांगत सुटली. छत्रीही बाहेर, कारण तिचा दांडा झाकणातून डोकं काढून येणाऱ्या-जाणाऱ्याला टोचत होता.

परत आत

स्वेटर, कडूबाई घरी गेल्यावर. शेंगदाण्याची चटणी, सगळ्या युरोपला पुरेल एवढी. सूर्यभानचा ड्युटीवरचा कंदील, कारण परक्या मुलखात रुळाकडेला उतरायची वेळ आली तर काय, हे त्यांनाच ठाऊक.

मग सगळंच बाहेर

हे काम आईचं. सरजाबाईनं पिशवी उचलली आणि खाटेवर पालथी केली.

झालं असं की सकाळी गंगासागर सराव म्हणून पिशवी पाठीला लावून ताडकळसच्या रस्त्यानं चालून आली. वाटेत एका गाडीवानानं दळण कुठं न्यायलीस म्हणून विचारलं, तेव्हा ती हसली. पण कडूबाई सरजाबाईला म्हणाली, "तुझी मास्तरीण कुणाचं ओझं वाहायलीय गं?"

हा शब्द आत लागला. लग्न झाल्यापासून सरजाबाईनं पाटलाच्या घरी सरपण वाहिलं होतं. छप्पन साली बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, त्या दिवशी डोक्यावरची मोळी टाकली ती टाकलीच. लेकीला शाळेत घातलं ते काय पुन्हा ओझं वाहायला?

"पेटी घे, हमाल कर," ती म्हणाली. "पाठीवर घेऊन निघालीस तर मी ठेसनावर यायची न्हाई."

तिकीट, पासपोर्ट, पास, सगळं हातात होतं. पण निरोपाला आई नसेल तर गाडीत पाय टाकणं आपल्याच्यानं होणार नाही, हे गंगासागरला त्याच क्षणी कळलं.

रिकामी

पिशवी. आणि घरही. दोघी दिवसभर एकमेकींशी बोलल्या नाहीत. मध्ये सूर्यभान उगाच कंदिलाची काच पुसत बसले.

दिवेलागणीला सरजाबाईनंच तोंड उघडलं.

"तिकडं हमाल नसतेत?"

"क्वचित. ज्याचं त्यानं न्यायचं."

"सायबानं बी?"

"सायबानं बी. मडमेनं बी."

"अन् कुणी म्हणलं, ए बाई, माझं बी घे?"

"असं म्हणत न्हाईत, माय."

"म्हणलं तर?"

"तर न्हाई म्हणते. तुझ्यासारखं."

 सरजाबाईनं साड्यांच्या घड्या घालायला घेतल्या.

आत

सकाळपर्यंत सगळं भरून झालं, कंदील सोडून. चटणी निम्मी झाली. झाकण बांधलं, आणि गंगासागर पुढं व्हायच्या आत सरजाबाईनं पदर खोचला, दोन्ही पट्टे आपल्याच खांद्यांवर चढवले, कंबर सरळ केली आणि समोर पंजे धरून बघितले.

"हात मोकळे राहतेत की," ती म्हणाली.

बाहेर

म्हणजे सरजाबाई. दारात कडूबाई ज्वारी पाखडत होती. तिचं सूप हातात तसंच राहिलं.

"कुणाचं गं एवढं?"

"आमचं," सरजाबाई म्हणाली आणि थांबली नाही.

गाडीला अजून चार दिवस होते. तरी ती स्टेशनच्या रस्त्याला लागली होती, आणि गंगासागर मोकळ्या हातांनी तिला गाठायला पळत होती.