विशीचा वेगळा डबा

बाळांनो, जरा डोळे मिटा आणि माझ्याबरोबर चला. समजा, तुम्ही नऊ वर्षांचे आहात. पेडगावच्या बुद्धविहारासमोर तीन दगडांच्या चुलीवर मोठी कढई ठेवली आहे. तेलात सोडलेली पुरी आधी तळाशी जाते, मग वर येऊन टम्म फुगते. उद्या सकाळी वस्तीतली माणसं ट्रकनं नागपूरला, दीक्षाभूमीवर निघणार आहेत. त्या प्रवासाची ही शिदोरी. तळणाऱ्या बाया मधूनच एखादी गरम पुरी पोरांच्या हातावर ठेवतात. सगळ्यांना मिळाली. तुम्हालाच नाही. तुम्ही दोन्ही हात पाठीमागं धरून उभे आहात, कारण आईनं तसं बजावलं आहे.

आता डोळे उघडा. तिथं उभी होती ती विशी. शाळेच्या पटावर तिचं नाव विशाखा. साल एकोणीसशे पंच्याहत्तर.

“हात म्होरं कर,” चांगुणाबाई म्हणाली. वस्तीतल्या बायांत ती सगळ्यांत मोठी, आणि तिचा शब्द शेवटचा.

विशीनं हात पुढं केला नाही. चांगुणाबाईनं तिचा दंड धरून पुढं ओढला आणि पुरी तळहातावर ठेवली. तेवढ्यात विशीची आई मालन घागर घेऊन आली. तिनं घागर खाली ठेवली, पुरी उचलली आणि परत परातीत टाकली.

लाटणाऱ्या बायांचे हात थांबले.

“मावशी, तिला गहू चालत न्हाई. मागं सांगितलंय मी तुमाला.”

“गहू चालत न्हाई का आमच्या हातचं चालत न्हाई?”

“हाताचा काय संबंध? डॉक्टरनं सांगितलंय.”

“ऐका गं,” चांगुणाबाई बाकीच्यांकडं वळली. “आमचे बापजादे गहू मिळंना म्हणून मेले. हिची लेक गहू खाल्ल्यानं मरायली.”

बाया हसल्या. कणीक मळणारी सरजाबाई म्हणाली, “तिला गिरणीतलं पीठबी चालत न्हाई. घरात जातं फिरवती. राणीसाहेब हायेत त्या.”

मालननं घागर उचलली, विशीचा हात धरला आणि ती निघाली. भांडायला तिला सवड नव्हती. तीन दिवसांचं खाणं व्हायचं होतं.

विशीला काय झालं होतं, ते तुम्हाला सांगायला हवं. तिच्या घरात पूर्वी रोज ज्वारीची भाकरी असे. गहू दिसला तर एखाद्या लग्नात. तोवर पोरगी धडधाकट होती. बहात्तरच्या दुष्काळात बाजारातली ज्वारी नाहीशी झाली आणि रेशनवर गहू मिळू लागला. दुष्काळातही रोज पोळी खायला मिळते याचं वस्तीला अप्रूप होतं. विशी मात्र वाळत चालली. पोट फुगलं, हातपाय काटक्यांसारखे झाले, खाल्लेलं पोटात टिकेना. मालननं तिला पाठुंगळी मारून दवाखाने पालथे घातले. शेवटी औरंगाबादला एका तरुण डॉक्टरनं दुसऱ्या कुणी न विचारलेला प्रश्न विचारला: “ज्वारी खात होती तेव्हा मुलगी कशी होती?”

त्या एका प्रश्नानं विशी वाचली. डॉक्टर म्हणाला, गव्हाचा कणसुद्धा तिच्या पोटात जाता कामा नये. तीन महिन्यांत ती पळायला लागली. मग एकदा मालननं गिरणीतून ज्वारी दळून आणली. आधी कुणाचा तरी गहू दळलेला होता. विशी आठ दिवस अंथरुणाला खिळली. त्या दिवसापासून मालननं माळ्यावरचं जातं खाली काढलं.

तुम्ही कधी जातं ओढलं आहे का? पहिली दहा मिनिटं गंमत वाटते. नंतर खांदा आपला राहत नाही. मालन दिवसभर कापूस वेचून आल्यावर दळायला बसायची. नवरा लिंबाजी दूर जायकवाडीच्या कालव्यावर कामाला होता. जात्याला दुसरा हात नव्हता.

त्या दुपारी तिनं शेळीच्या दुधात ज्वारीचं पीठ मळलं आणि बारा दशम्या थापल्या. दुधातली दशमी तीन दिवस टिकते. त्या पातळ फडक्यात गुंडाळून पत्र्याच्या डब्यात ठेवल्या. खापरात ज्वारीच्या लाह्या फोडल्या. शेंगदाणे भाजून, गूळ घालून सात लाडू वळले. लाह्या आणि लाडू डब्यात मावेनात, म्हणून त्यांचं वेगळं गाठोडं बांधलं.

“आई, सगळे मला हसायलेत,” विशी म्हणाली.

“हसू दे.”

“चांगुणाआजी हसत न्हाई. रागानं बघती.”

मालननं गाठोड्याची गाठ आवळली. “आजी तुझ्याएवढी व्हती तवा दारोदार भाकरी मागायची. भाकरी वरून टाकायचे. हाताला हात लागू नये म्हणून. पाणीबी वरूनच. आता कुणाचं वेगळं ताट दिसलं की तिला तेच दिसतंय.”

“मग तिला सांग की.”

“सांगून सांगून थकले. तोंडानं सांगितलेलं तिला पटत न्हाई.”

सकाळी ट्रक विहारासमोर लागला. जायचं ठरवणारे, माणसं जमवणारे नागनाथ गुरुजी ट्रकच्या मागच्या फाळक्याशी उभे होते.

“डबे हिकडं द्या. सगळं एका पाटीत,” ते म्हणाले.

नागपूरला जायला लागल्याच्या पहिल्या वर्षापासूनची ही त्यांची रीत होती. कुणाची चटणी, कुणाची भाजी, कुणाचं लोणचं सगळं एकत्र व्हायचं आणि सगळे एका जागी बसून जेवायचे. रीत चांगलीच होती, बाळांनो. ती कुठून आली होती, ते तुम्हाला आता कळलं आहे.

विशीला घेऊन मालन वर चढली. तिनं चटणी दिली, खारे शेंगदाणे दिले. पत्र्याचा डबा छातीशी धरला.

“गुरुजी, ह्यो लेकराचा हाय.”

“मालनबाई, आपण कुठं चाललोत? वेगळं ताट मांडायला चाललोत का?”

“तिला बाधतं, गुरुजी.”

“एका पुरीनं?” आतून कुणीतरी म्हणालं, आणि हशा झाला.

चांगुणाबाई ट्रकमध्ये गोणपाटावर बसली होती. ती हसली नाही. “उतरवा तिला,” ती म्हणाली. “सोवळं पाळणारांना ह्या गाडीत जागा न्हाई.”

हशा बंद झाला. वस्तीत भांडणं रोज होत, शिव्याही दिल्या जात. पण हा शब्द कुणी कुणाला लावला नव्हता.

मालननं डबा आणखी घट्ट धरला. “मावशी, दोन थोबाडीत मारा. त्यो शब्द नका लावू.” ती खाली उतरली नाही. फाळक्याजवळच्या कोपऱ्यात विशीला मांडीशी घेऊन बसली. परभणी मागं पडलं, जिंतूर मागं पडलं. ट्रकमध्ये गाणी झाली. या दोघींशी कुणी अक्षर बोललं नाही.

औंढ्याच्या पुढं चिंचेखाली ट्रक जेवणासाठी थांबला. डबा आणि गाठोडं चिंचेखाली ठेवून मालन विशीला घेऊन विहिरीवर हातपाय धुवायला गेली. परत आली तेव्हा सगळे गोल करून बसले होते, कागदांवर पुऱ्या वाढल्या होत्या. गोलाच्या जरा बाहेर बसून मालननं डबा उघडला.

दशम्यांवर चार पुऱ्या ठेवल्या होत्या. एक मोडली होती, आणि तिचा चुरा फडक्याच्या घडीतून खालपर्यंत गेला होता.

“कुणी घातल्या ह्या?”

“मी,” चांगुणाबाई म्हणाली. तिनं नजर खाली केली नाही. “लेकराचं तोंड बघवंना. तू देत न्हाईस तर मी देती.”

“मावशी, आता ह्यातलं काहीच तिला चालायचं न्हाई.”

“पुऱ्या काढ अन् दे की दशमी. माझा हात लागला म्हणून दशमी बाटली का?”

“झटकून द्या, मालनबाई,” गुरुजी म्हणाले. “वाढवू नका.”

“तुमी शाळंत शिकवता, गुरुजी. कण म्हंजे कण. आठ दिवस तिचं हागणं-ओकणं मी काढलंय, तुमी न्हाई.”

तिनं झाकण लावलं. दळणाचा सगळा शीण त्या डब्यात होता. आता तीन दिवस लाह्या आणि सात लाडू. सकाळी एक, संध्याकाळी एक, एक वर उरत होता. तिनं गाठोड्याला हात घातला.

विशी इतका वेळ उभी होती. तिनं आईजवळचा डबा घेतला आणि ती गोलाच्या मधोमध गेली. चांगुणाबाईसमोर थांबली.

“आजी, हात म्होरं करा.”

चांगुणाबाईचा हात आपोआप पुढं आला. विशीनं एक दशमी काढली, तिच्या तळहातावर ठेवली आणि आपल्या दोन्ही हातांनी तो तळहात दाबून धरला. क्षणभरच. मग ती गुरुजींकडं गेली, मग सरजाबाईकडं, मग पुढच्या, त्याच्या पुढच्या माणसाकडं. दशम्या संपत आल्या तशी ती अर्धी अर्धी मोडून देऊ लागली. त्या चार पुऱ्याही तिनं कुणाकुणाला वाढल्या. कुणी नको म्हणालं नाही.

“दुधातली हाय,” सरजाबाई हळूच म्हणाली आणि खाऊ लागली.

रिकामा डबा आईसमोर ठेवून विशी पुन्हा चांगुणाबाईकडं आली आणि तिनं ओंजळ पुढं केली. “आजी, पाणी घाला. हाताला गहू लागलाय.”

चांगुणाबाईनं शेजारच्या तांब्याकडं पाहिलं. “मी कुणाच्या हातावर वरून पाणी घालत न्हाई,” ती म्हणाली, आणि तांब्या उचलून विशीच्या पायाशी जमिनीवर ठेवला.

विशीनं दोन्ही मनगटांत तांब्या धरला, तिरका केला आणि स्वतःच्या हातांवर पाणी घेतलं. मातीनं हात चोळले, पुन्हा धुतले. तांब्या होता तिथं ठेवला. मग आईकडून लाह्यांचं गाठोडं आणलं आणि ती गोलात, चांगुणाबाईच्या गुडघ्याला गुडघा लावून बसली. तिनं मूठभर लाह्या काढल्या.

सगळ्यांचं खाणं होत आलं होतं. चांगुणाबाईच्या हातात दशमी तशीच होती.

“खा की आता,” चांगुणाबाई तिला म्हणाली.

“तुमी आधी.”

ड्रायव्हरनं हॉर्न दिला. माणसं कागद गोळा करत उठू लागली. मालननं हाक मारली. विशी उठली नाही. लाह्यांची मूठ मिटून ती आजीच्या हातातल्या दशमीकडं बघत बसून राहिली.