बेचाळीस तंग पँटी

आमचं युवा वाद्यपथक बंद पडलं. ‘बंद पडलं’ म्हणायचं नाही, असं सभेत ठरलंय. ‘या वर्षापुरतं स्थगित’ म्हणायचं. ठरावात ते शब्द मीच घातले, कारण अध्यक्ष मी. अध्यक्ष मी का, तर ज्या सभेत अध्यक्ष निवडायचा होता त्या सभेत मी सगळ्यांसाठी चहा आणायला बाहेर गेलो होतो. परत आलो तर लोक टाळ्या वाजवत होते. मला वाटलं, चहा आला म्हणून वाजवतायत.

मला संगीतातलं ओ की ठो कळत नाही. मी शिंपी. पथकाशी माझा संबंध दोन कारणांनी: एक म्हणजे पोरांचे गणवेश मी शिवतो आणि दुसरं म्हणजे माझी लेक त्या पथकात आहे. तिला सगळे ‘कर्नल’ म्हणतात. चार वर्षांची असताना तिने दुकानातल्या गिऱ्हाइकांना उंचीप्रमाणे रांगेत उभं केलं होतं, तेव्हापासूनचं ते नाव. अकराव्या वर्षी ती पथकात गेली, तेव्हा हातात एक त्रिकोणी घंटा मिळाली. ती टिंग करून वाजवायची, तीही अख्ख्या कार्यक्रमात चार वेळा. मग झांज, मग छोटा ड्रम, मग तीन वर्षं पाठीला बाक येईल एवढा मोठा ड्रम. नऊ वर्षं घासल्यावर यंदा तिच्या हातात दंड आला. दंड म्हणजे पथकाच्या पुढे जो चालतो ना, त्याच्या हातातली ती चांदीच्या मुठीची काठी. पथकप्रमुख! घरात आम्ही तिघंच, पण त्या दिवशी बायकोने शेजारच्या चार घरांत जाऊन सांगितलं.

आता यातली मेख अशी, की एकवीस वर्षं पूर्ण झाली की पथकातून बाहेर. नियम म्हणजे नियम. कर्नलला पुढच्या मोसमाआधी एकवीस पूर्ण होणार. म्हणजे तिला प्रमुख म्हणून मिळणार होतं ते हेच एक वर्ष. आणि तेच वर्ष मी स्थगित केलं.

कसं केलं ते सांगतो. हसायचं असेल तर हसून घ्या, गावभर हसून झालंय.

गेल्या वर्षीच्या स्पर्धेत परीक्षकाने शेरा दिला: ‘वादन उत्तम. चाल उत्तम. गणवेश पोत्यासारखे.’ पोत्यासारखे! एकतीस वर्षं मशीन चालवतोय मी. वकिलांचे कोट शिवलेत, नवरदेवांचे शिवलेत. तो शेरा माझ्या असा डोक्यात गेला की आठवडाभर जेवण गोड लागेना. मी सभेत टेबलावर हात आपटून सांगितलं, “यंदा सगळे गणवेश नवे. आणि असे शिवतो, की सुरकुती शोधून दाखवा!” वर्षभराची सगळी गंगाजळी कापडात घातली. मजुरी मी घेतली नाही. आणि घेतली नाही, हे भेटेल त्याला थांबवून सांगितलं.

हिवाळ्यात मापं घेतली. बेचाळीस पोरं, दहा वर्षांपासून वीस वर्षांपर्यंतची. मी टेप लावायचो आणि कर्नल वहीत लिहायची. सातआठ पोरं झाल्यावर ती म्हणाली, “बाबा, शिवणीत थोडं जास्त कापड ठेव हं. ही वाढतात.”

“शिंपी कोण? तू की मी?”

“तू.”

“मग आकडे लिही.”

लहान मुलांचे कपडे शिवताना आत दोन बोटं जास्तीचं कापड दुमडून ठेवायचं, उद्या उसवून वाढवता येतं, हे आमच्या धंद्यात पहिल्या दिवशी शिकवतात. पण ती दुमड बाहेरून जरा जाड दिसते ना! परीक्षकाला दिसली असती ना! म्हणून मी ती सगळी कापून टाकली. बेचाळीस पँटी, बेचाळीस कोट, सगळं अंगाबरोबर. उरलेल्या चिंध्या भरून माझ्या खुर्चीसाठी गादी केली. मऊ झाली.

गणवेश तयार झाले, इस्त्री करून झाकून ठेवले, आणि मळू नयेत म्हणून पहिल्या कार्यक्रमाच्या सकाळपर्यंत कुणाला हात लावू दिला नाही. मध्ये पाच महिने गेले. पाच महिन्यांत दहा ते पंधरा वयाचं पोरगं काय करतं, हे मला बेचाळीस आयांपैकी कुणीही सांगितलं असतं. मी विचारलं नाही.

पहिला कार्यक्रम एका नव्या बाजारसंकुलाच्या उद्घाटनाचा होता. मालक मोठा माणूस, त्याच्याकडेच पुढचे सहा कार्यक्रम ठरले होते, आणि त्या पैशांवर आमचं वर्ष निघणार होतं. सकाळी पोरं कपडे घालून बाहेर आली. मनगटं बाहेर, घोटे बाहेर. ट्रम्पेटवाल्या एका पोराला श्वास घेता येईना, आणि त्याचं तर सगळं काम श्वासाचंच. मास्तर, म्हणजे त्यांना वाजवायला शिकवणारे आमचे वाद्यमास्तर, माझ्याकडे बघत राहिले. मी म्हणालो, “फॅशन आहे हल्ली.”

वादनाच्या तिसऱ्या तुकड्याला सगळे एका ठेक्यावर गुडघ्यावर बसतात. बसले. फर्रर्र! सतरा पँटी एकाच मात्रेवर फाटल्या. ताल मात्र पक्का होता हो, मागच्या लोकांना तर तो वाजवण्याचाच भाग वाटला. त्यांनी टाळ्यासुद्धा वाजवल्या. मग पोरं उठायला तयार होईनात. वाजवत होती बिचारी, पण गुडघ्यावर बसूनच, आणि तशीच सरकत सरकत मंडपामागे गेली. उभी फक्त कर्नल होती. तिचा कोट तेवढा चपखल बसला होता, खांद्यापासून बाहीपर्यंत कुठे नाव ठेवायला जागा नाही. बसणारच. वीस वर्षांची झाली, तिचं वाढणं संपलेलं. ती पाठीमागे वळून न बघता दंड फिरवत चालत राहिली, कारण प्रमुखाने मागे बघायचं नसतं. चौकापर्यंत एकटी गेली.

बाजारसंकुलाच्या मालकाने दुसऱ्याच दिवशी सहाही कार्यक्रम रद्द केले. मग आमची तिघांची सभा झाली: मी, मास्तर आणि खजिनदार. खजिनदार दातांचे डॉक्टर आहेत. हॉलचं भाडं, बस, वाद्यांची दुरुस्ती, सगळं दोनदा मांडून झाल्यावर ते चष्मा पुसत हळूच म्हणाले, “वाचण्यासारखा नाहीये. काढावा लागेल.” पेशंटला सांगतात तसंच. मी ठराव लिहिला. ‘अपरिहार्य आर्थिक कारणांमुळे पथकाचे काम या वर्षापुरते स्थगित करण्यात येत आहे.’ लिहून झाल्यावर मला जरा बरंही वाटलं. अपरिहार्य! म्हणजे बघा, कुणाचाच दोष नाही.

पोरांना आणि पालकांना वार्षिक मोठ्या बैठकीत सांगायचं ठरलं. ती तीन आठवड्यांनी होती. तोवर निदान घरी तरी सांगायला हवं होतं. रोज सकाळी मी तोंड उघडायचो आणि म्हणायचो, “साखर दे जरा.”

बायको रात्री विचारायची, “सांगितलंस तिला?”

“उद्या सांगतो.”

“शिंपीच ना शेवटी,” ती म्हणायची. “उद्या या, उद्या तयार आहे.”

आणि कर्नल? रोज संध्याकाळी हॉलमध्ये. पोरांची फजिती झाली होती, काही तर यायलाच तयार नव्हती. ही एकेकाच्या घरी गेली, दारात उभी राहून समजावून त्यांना परत घेऊन आली. जुने पोत्यासारखे गणवेश माळ्यावरून काढले, आईकडून धुऊन घेतले. पंधरा दिवसांत सगळीच्या सगळी पोरं रांगेत. घरी येऊन मला सांगायची, “बाबा, आज वळण जमलं! अख्खी रांग एका रेषेत वळली.” मी म्हणायचो, “वा वा,” आणि सुईत दोरा ओवायला लागायचो. ओवलेल्याच सुईत.

माझा बेत काय होता सांगू? खरं सांगतो, लाज वाटते तरी. बैठकीत सगळ्यांबरोबर तिलाही कळेल, आणि चारचौघांत तिला माझ्यावर ओरडता येणार नाही. एवढाच. सख्ख्या लेकीला घाबरून मी शंभरेक लोकांच्या आडोशाला उभा राहणार होतो.

रविवारी सकाळी हॉल भरला. भिंतीला लागून पालक, मध्ये पोरं रांगेत, वाद्यं अंगावर, पुढे कर्नल दंड घेऊन. तिला वाटलं होतं, अध्यक्ष चार शब्द बोलतील आणि मग ती पालकांना नवा कार्यक्रम दाखवेल. मी खिशातून कागद काढला आणि वाचला. आवाज असा निघाला, की मलाच कळेना कोण बोलतंय. ‘स्थगित’ म्हणताना बोबडी वळली, दोनदा म्हणावं लागलं.

मग कर्नल म्हणाली, “तारीख वाचली नाहीस, बाबा.”

“काय?”

“ठरावावर तारीख असते. ती वाच.”

मी वाचली. तिने मनात दिवस मोजले, मला दिसलं ते.

“तीन आठवडे,” ती म्हणाली. ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. “मी घरोघर जाऊन यांना बोलावून आणलं. तुला माहीत होतं. मी तुला रोज सांगत होते, आणि तू वा वा म्हणत होतास.”

मी कागदाकडे बघितलं. मग तो घडी करून खिशात घातला.

“अपरिहार्य वगैरे काही नाही,” मी सगळ्यांना म्हणालो. “माती मी खाल्ली. ही सांगत होती, वाढतात म्हणून. मी ऐकलं नाही. आणि नंतर हिला सांगायची मला हिंमत झाली नाही.” मग म्हणालो, “जा आता पोरांनो. घरी जा.”

एकही पोरगं हललं नाही.

आमच्या पथकात एकच नियम दगडासारखा पक्का आहे: रांग मोडायची ती प्रमुखाच्या आज्ञेनेच. अध्यक्षाच्या शब्दाला तिथे काडीची किंमत नाही, आणि ते बरंच आहे. ब्याऐंशी डोळे कर्नलकडे लागले होते. तेव्हा माझ्या ध्यानात आलं, की मी नुसतं तिचं वर्ष घालवलं नाही. ते संपलं, हे म्हणायचं कामही मी तिच्याच गळ्यात घातलं होतं.

ती वळली. रांगेवरून सावकाश चालत गेली. एकाची हनुवटी दोन बोटांनी वर केली, एकीच्या ड्रमचा पट्टा सरळ केला, टोकाच्या दहा वर्षांच्या पोरीला जरा मागे सरकवलं. त्या पोरीच्या हातात त्रिकोणी घंटा होती आणि ती मुसमुसत होती. कर्नल तिच्यापुढे थांबली, ती गप्प होईपर्यंत थांबली. मग परत पुढे येऊन उभी राहिली.

“सावधान!”

एक्केचाळीस जोड टाचा एकदम वाजल्या.

मला वाटलं, पुढची आज्ञा ती देणार नाही. नको बोलूस, असं मी मनात म्हणत होतो.

“विसर्जन!”

आवाज खणखणीत होता, कुठेच चिरकला नाही. पोरांनी वाद्यं ठेवली आणि एकेक करून गेली. पालक गेले. मास्तर माझ्याकडे न बघता गेले. मी तिच्याकडे दोन पावलं टाकली.

“कर्नल...”

“बाबा, तू पण जा.”

मी गेलो. बाहेर पायरीवर बसलो. दार लोटलेलं होतं. आतून आधी काहीच ऐकू येईना, मग बुटांचा आवाज यायला लागला. डावा उजवा, डावा उजवा, हॉलच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, वळण, परत. अख्खा अकरा मिनिटांचा कार्यक्रम ती एकटीच चालत होती. मी तो कधीच नीट बघितला नव्हता, माझं लक्ष नेहमी कपड्यांवर. त्या दिवशी पहिल्यांदा पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकला, दाराबाहेर बसून.