वारं कमी पडलं

ऋतुजाला करडवाडीला पाठवायचं ठरलं, ते ती कामाला चांगली म्हणून नव्हे. करडवाडी तिचं आजोळ होतं म्हणून. पवनचक्क्या उभारणाऱ्या एका कंपनीत ती गावकऱ्यांशी बोलणी करायची. पुण्यातल्या साहेबांनी नकाशावर ताडकळसच्या पुढचा माळ पाहिला, ऋतुजा पूर्णा तालुक्यातली आहे हे कुणाकडून तरी ऐकलं आणि म्हणाले, "तुमचेच लोक आहेत. तुम्हाला नाही कोण म्हणेल?"

आपल्याच माणसाला नाही म्हणताना गावाला जास्त हुरूप येतो, हे साहेबांना कुणी सांगितलेलं नव्हतं.

पहिली सभा मारुतीच्या देवळापुढं भरली. सरपंच राजेश्रीताईंनी ओळख करून दिली, तीही "नागप्पाची भाची" अशीच. ऋतुजानं सावकाश समजावून सांगितलं. आधी माळावर एक उंच लोखंडी खांब उभा राहील. त्याच्यावर वारा मोजायची यंत्रं असतील. वर्षभर वारा मोजायचा. पुरेसा भरला तर पवनचक्क्या, नाहीतर खांब उचलून न्यायचा. जमीन कुणाची विकत घ्यायची नाही, भाड्यानं घ्यायची.

बोलणं संपलं तसे व्यंकटराव उभे राहिले. गावातले मोठे शेतकरी. नागप्पामामांच्या शेताला त्यांचा बांध लागून, आणि दोघे लहानपणापासूनचे सोबती. ऋतुजा त्यांनाही मामाच म्हणायची.

"पंख्यानं ढग पळतेत म्हणं," ते म्हणाले.

"नाही पळत, मामा. ढग लई वर असतात."

"तिकडं डोंगरात पंखे लावलेत. तिकडं पाऊस न्हाई."

"तिकडं आधीपासूनच कमी पडतो."

"मंग पंखे लावल्यावर वाढला का?"

"नाही वाढला. पंख्याचा आणि पावसाचा संबंधच नाही."

"बघा," व्यंकटराव लोकांकडं वळून म्हणाले, "वाढला न्हाई, हे तीच म्हणायलीय."

ऋतुजानं पाण्याचा तांब्या तोंडाला लावला. नर्मदाबाईंनी मधेच हात वर केला. त्यांच्या शेळ्या त्याच माळावर चरायच्या. घर शेळ्यांवरच चालायचं. "माझ्या शेळ्या कुठं जातील, ते सांग."

"खांबाखाली चारा, मावशी. काही अडचण नाही." हे तिनं मनापासून सांगितलं. दुसऱ्या एका गावात पवनचक्कीच्या सावलीत शेरडं बसलेली तिनं पाहिली होती.

मग इंजिनिअर आले, माळावर फिरले आणि सगळ्यात उंच जागा त्यांनी निवडली. ती नेमकी नागप्पामामांच्या शेतात निघाली. व्यंकटरावांनी भर पारावर विचारलं, "भाचीला बरं मामाचंच रान दिसलं?"

"मी नाही निवडलं. उंचीवरून ठरलं."

"उंची कुणी ठरवली?"

"देवानं, मामा."

लोक हसले. ऋतुजाही हसली. व्यंकटराव हसले नाहीत, आणि ते हसू पुढं तिला चांगलंच महागात पडलं.

खांब उभा राहिला. त्याला चारी बाजूंनी तारांचे ताण दिले होते. ठेकेदारानं त्या ताणांच्याही बाहेरून काटेरी तारेचं कुंपण घातलं, फाटकाला कुलूप लावलं आणि किल्ली घेऊन तो निघून गेला. माळावरचं चांगलं गवत होतं ते सगळं आत गेलं. नर्मदाबाईंचा रोज सकाळी फोन यायला लागला. "खांबाखाली चार म्हणली व्हतीस. शेळ्यांला पंख लावू का आता?"

ऋतुजानं साहेबांना फोन केला. साहेब म्हणाले, "सेफ्टीचा प्रश्न आहे."

"पण मी गावाला शब्द दिलाय, सर."

"मग असा शब्द द्यायला नको होता."

त्या वर्षी श्रावणात पावसानं ओढ दिली. सोयाबीन माना टाकायला लागलं. व्यंकटराव चार माणसं घेऊन परभणीला तिच्या ऑफिसात आले आणि म्हणाले, पाऊस पडेपर्यंत खांब आडवा करून ठेव. तिनं सांगून पाहिलं की त्याच्यावर पंखा नाही, वारा मोजायच्या छोट्या वाट्या तेवढ्या फिरतात. त्यांनी ऐकून घेतलं, चहा घेतला, आणि जाताना पुन्हा म्हणाले, "मंग कधी आडवा करतीस?"

भादव्यात पाऊस आला तो थांबेचना. नाले फुटले, बांध वाहून गेले. पुन्हा तीच माणसं ऑफिसात. खांबानं पाऊस ओढून घेतला, असं आता त्यांचं म्हणणं होतं.

ऋतुजानं हातातला पेन टेबलावर ठेवला. "मामा, एक काहीतरी ठरवा. खांब पाऊस पळवतो का ओढतो?"

"ते आमी कामून ठरवावं? खांब तुमचा हाय."

एवढ्यावर भागलं असतं तरी चाललं असतं. पण माळावर जायची गाडीवाट व्यंकटरावांच्या बांधावरून जायची. कागदोपत्री ती कुणाची, हा वाद त्यांच्या वडिलांच्या काळापासून होता, पण कुणी कुणाला कधी अडवलं नव्हतं. कंपनीच्या गाड्या त्या वाटेनं यायला लागल्या तशी व्यंकटरावांनी एक दिवस जेसीबी आणून वाटेवर आडवा चर खणला. कंपनीचं फारसं बिघडलं नाही. यंत्रांची नोंद घेणारा माणूस मोटारसायकल लावून चालत जायचा. बिघडलं ते नागप्पामामांचं. त्यांचं सोयाबीन कापून माळाच्या कडेला गंज लावून ठेवलेलं होतं. वर ताडपत्री होती, पण पुन्हा पावसाचा अंदाज होता आणि मळणीयंत्र चरापलीकडं जात नव्हतं.

मामांनी तिला फोन केला. आवाज थंड होता. "तुझ्या खांबापायी माझा माल सडायलाय. येऊन बघ."

ती आली. मामा ओट्यावर बसले होते. कपाळावर भस्म, मांडीवर टॉवेल. मामी पाणी देऊन आत गेली.

"व्यंकटमामांशी बोललात का तुम्ही?" तिनं विचारलं.

"मी त्याच्या दारात जात न्हाई."

"अहो, समोरच तर घर आहे."

"म्हणूनच जात न्हाई. त्यानं यावं."

मग तीच गेली. व्यंकटराव अंगणात तूर निवडत होते. त्यांनी तिला बसायला खाट पुढं केली, पण सूप हातातून सोडलं नाही.

"मामा, चर बुजवा. सोयाबीन निघू द्या."

"खांब काढ, बुजवतो."

"खांब काढणं माझ्या हातात नाही."

"मंग तुझ्या हातात हाय तरी काय? शेळ्यांचं तुझ्या हातात न्हाई, कुंपण तुझ्या हातात न्हाई, खांब तुझ्या हातात न्हाई. मंग सभेत तेवढा वेळ काय बोलत व्हतीस?"

यातलं काही खोटं नव्हतं, आणि त्याचाच तिला जास्त राग आला. साहेबांचा आला, मामांचा आला, समोर शांतपणे तूर निवडणाऱ्या या माणसाचाही आला. ती उठली. मामांच्या गोठ्यातून टिकाव आणि खोरं घेतलं आणि सरळ माळाच्या वाटेला लागली.

ऊन चांगलंच तापलं होतं. चराच्या काठावर काढलेल्या मातीचा ढीग पडला होता, पावसानं बसून घट्ट झालेला. तिनं टिकावानं माती फोडायची आणि खोऱ्यानं आत लोटायची, असं सुरू केलं. हाताला सवय नव्हती. थोड्याच वेळात फोड आले. नर्मदाबाई शेळ्या घेऊन चालल्या होत्या, त्या थांबल्या.

"असं धरतेत का टिकाव? सरक." त्यांनी टिकाव हातातून घेतला आणि खणता खणता तिला बोलायलाही सुरुवात केली. कुंपणाबद्दल बोलल्या, कुलपाबद्दल बोलल्या, शहरात राहून माणूस कसा खोटं बोलायला शिकतो त्याबद्दल बोलल्या. ऋतुजा माती लोटत राहिली. बोलून घेत होत्या ते एका परीनं बरं होतं. निदान हात तरी चालू होते.

व्यंकटराव येऊन बांधावर उभे राहिले. नर्मदाबाई थांबल्या. ऋतुजा थांबली नाही.

"हे कशाला करायलीस?" त्यांनी विचारलं.

"तुम्ही करत नाही म्हणून."

ते पुढं येऊन खोरं हिसकावतील असं तिला वाटलं. पण भाचीच्या अंगावर हात टाकायचा नसतो, तिच्या पाया पडायचं असतं, हे त्यांनाही ठाऊक होतं. मग ती सोबत्याच्या नात्यानं भाची का असेना. ते तिथंच उभे राहिले.

"उद्या परत खंदीन मी," ते म्हणाले.

"खणा."

मळणीयंत्र दुपारनंतर पलीकडं गेलं. अंधार पडायच्या आत पोती घरी आली. आणि व्यंकटरावांनी खरंच चर परत खणला. पण सोयाबीनचं शेवटचं पोतं वाटेनं निघून गेल्यावर. नागप्पामामांना हे कळलं तेव्हा ते फक्त "हं" म्हणाले. दोघांचं बोलणं मात्र सुरू झालं नाही.

वर्ष भरलं. पुण्याहून निरोप आला की करडवाडीचा वारा पुरेसा भरत नाही. पवनचक्क्या होणार नाहीत. गावाला कळवून या.

गाडीत बसताना ऋतुजाला हलकं वाटत होतं. जे नको म्हणत होते ते खूश होतील, मामा थोडे खट्टू होतील, आणि आपण सुटू. सभेत पुण्याचा निरोप सांगून ती खाली बसली. मग व्यंकटराव उभे राहिले.

"कमी म्हंजी?"

"म्हणजे चक्की परवडेल एवढा वारा नाही, मामा."

"आमच्या माळावर? वारं कमी?" त्यांचा आवाज चढला. "आखाडात माणूस उभा ऱ्हात न्हाई तिथं. माझ्या शेडवरचे पत्रे उडून पार नाल्यात गेले. कमी कसं?"

"तुम्हाला तर चक्की नकोच होती."

"चक्की नगं, ती गोष्ट अलग. वाऱ्याला नाव कामून ठिवायलेत?"

आणि मग चर खणल्यापासून त्यांच्याशी न बोललेले नागप्पामामा बसल्या जागेवरून म्हणाले, "व्यंकट खरं बोलायलाय. तुमची मशीनच खराब आसंल."

"खराबच," व्यंकटराव म्हणाले. "हलका माल आणला आसंल."

"परत मोजा म्हणावं."

दोघं एकमेकांकडं न बघता, पण एकाच सुरात बोलायला लागले. ऋतुजा बघत राहिली. मग तिला उभं राहावंच लागलं.

"ऐका," ती म्हणाली. "वर्षभर मी तुमच्या शिव्या खाल्ल्या. पाऊस नाही पडला, माझ्यामुळं. जास्त पडला, माझ्यामुळं. चर खणला, माझ्यामुळं. आता वारा कमी भरला तोही मीच कमी केला का? मला वारा करता येत नाही. मला फक्त बोलायला ठेवलंय, आणि माझं कुणी ऐकत नाही, तुम्हीही नाही आणि पुण्याचे लोकही नाहीत."

नर्मदाबाई म्हणाल्या, "ते समदं ऱ्हाऊ दे. कुंपण कधी काढतीस?"

हा एकच प्रश्न कामाचा होता. ऋतुजानं तिथंच साहेबांना फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असा आवाज मोठा केला. "सर, मी सभेत आहे. कुंपण आणि खांब कधी निघणार? तारीख सांगा. लोक ऐकतायत."

मग साहेबांनी पुढच्या सोमवारचं कबूल केलं. ऋतुजानं ते त्यांच्याकडून मोठ्यानं परत वदवून घेतलं. नर्मदाबाईंनी मान हलवली, आणि वर्षभरात पहिल्यांदा तिच्याकडं नीट पाहिलं.

ती फोन बंद करणार, तेवढ्यात साहेब पुढं बोलले. "आणि ऋतुजा, सभा भरलीच आहे तर जरा विषय काढून ठेवा. वारा नसला तरी त्या माळावर ऊन चांगलं आहे. सोलरचं बघता येईल."

तिनं घाईनं फोन बंद केला, पण व्हायचं ते झालं होतं. राजेश्रीताईंनी कपाळाला हात लावला. नागप्पामामा सावरून बसले.

"सोलर," व्यंकटराव सावकाश म्हणाले. "कुणाच्या रानात?"

ऋतुजानं चपला पायात घातल्या, पिशवी खांद्याला लावली आणि राजेश्रीताईंना म्हणाली, "त्यासाठी कंपनी दुसरं माणूस पाठवील. ज्याचं आजोळ इथं नाही असं."