स्टेजवरची रोवणी

उषाबाई माझी मोठी आई, म्हणजे बाबांची वहिनी. तिला ऐकू येत नाही, पण अड्याळच्या मंडईतलं, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रेतलं, एक नाटक चुकवेल तर शपथ! पहिल्या रांगेत बसते. विनोद झाला की आधी आजूबाजूला बघते, लोक हसले की मग हसते. तिचं हसू नेहमी सगळ्यांच्या मागून येतं. मी लहानपणापासून बघत आले, पण यंदा मला ते एकदम सहनच होईना. ठरवलं, शाळेच्या गॅदरिंगमध्ये असं काही करीन की मोठी आई सगळ्यांच्या आधी हसेल. न बोलता. म्हणजे तिला काहीच सुटणार नाही.

“मूकनाट्य? तू?” माझी मैत्रीण मोना म्हणाली. “हर्षा, तू त झोपेतबी बोलते. आन् मागच्या साली स्वागतगीतात कोनाच्या मागं लपली होती?”

“तुझ्याच. आता तू माझ्या मागं लपजो.”

गॅदरिंगच्या दिवशी मी मोबाईलवर बघून शिकलेल्या अदृश्य काचेनं सुरुवात केली. हवेत तळवे दाबून दाबून दाखवले. मागून कोणीतरी ओरडलं, “काहून वो, भिंत सारवून राहिली का?”

मांडव हसला. मोठी आईनं आजूबाजूला बघितलं, मग हसली. झालं! पुन्हा तेच!

मग मी काच दिली सोडून आणि थेट रोवणी काढली, आमच्याकडची भातलावणी. सलवार वर खोचली, चिखलात पाय घातला. तो निघेचना. दोन्ही हातांनी गुडघा धरून उपसला, तर दुसरा रुतला. भाताच्या पऱ्ह्यांची पेंडी सोडली, वाकले आणि एकेक रोप खोवत मागे मागे सरकत गेले, पार मागच्या पडद्यापर्यंत. लोक गप्प. मोठी आईपण गप्प, नजर मात्र माझ्या हातांवर. मला वाटलं, पडलं आपलं नाटक. आता नमस्कार करायचा आणि पळायचं. म्हणून तडक पुढे निघाले.

तशी मोठी आई ताडकन उठली! माझ्या पायांकडे बोट दाखवलं, कपाळावर हात मारला, मग हातानं स्टेजच्या कडेकडेनं एक लांब रेघ ओढली.

अरे बाप्पा! मी आत्ताच रोवलेल्या बांधीतून, कोवळ्या रोपांवरून चालले होते. आमच्याकडे शेंबडं पोरही धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून जातं!

माझा एक पाय हवेतच थांबला. मी खाली बघितलं. पाय हळूच बाजूला टेकवला, चेपलेलं रोप उचललं, कान धरून त्याची माफी मागितली आणि परत खोवलं. मागे वळले, तर तिथंही चेपलेलं. ते रोवायला बसले, तर बुडाखाली आणखी दोन!

तेवढ्यात एक हसू फुटलं. एकटंच. खरखरीत, पदरात न मावणारं. मांडवानं आधी मोठी आईकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि मग सगळे हसले. उशिरा! सगळेच्या सगळे उशिरा!

मी हात पसरून, डुगडुगत, धुऱ्यावरून स्टेजबाहेर गेले.

“झाडीपट्टीतली पोट्टी अन् रोवणी तुडवते?” मोना म्हणाली.

“मुद्दाम केलं नं ते!” आता खरं तिला कायले सांगू?

घरी आलो. मी उंबऱ्यात पाय टाकणार, तोच मोठी आईनं मला अडवलं. माझ्या पायांकडे बोट दाखवलं, नाक मुरडलं आणि रिकाम्या मुठीतला नसलेला गडू त्यांच्यावर वाकडा केला. मी मुकाट पाय चोळू लागले. एक पाय धुऊन झाला. दुसरा पुढे केला, तर तिनं गडूत डोकावून बघितलं, उलटा करून हलवला आणि खांदे उडवले. पाणी संपलं होतं.

मग काय, लंगडी घालतच घरात गेले.