पाणी कोण घालतं

माझी ताई आणि भावजी एकमेकांशी बोलत नाहीत. भांडण कशावरून झालं हे आता दोघांनाही धड आठवत नाही, त्यामुळे ते मिटवायचीही सोय राहिलेली नाही. निरोप माझ्यामार्फत जातात. ताई स्वयंपाकघरातून मला फोन करते, "त्याला सांग, गॅस संपलाय." मी भावजींना फोन लावतो. ते बाहेरच्या खोलीतच बसलेले असतात. "ऐकलंय मी," म्हणतात आणि ठेवतात.

भाची नोकरीसाठी परगावी निघाली तेव्हा तिने आपल्या खोलीतला मनीप्लांट बाहेरच्या खोलीत कपाटावर आणून ठेवला. वेल चांगली दांडगी होती, खिळ्याखिळ्याने भिंत पार करून खिडकीला टेकली. पाणी कोणी आणि कधी घालायचं, हे पोरीने मुद्दामच सांगितलं नाही. निघताना मला हळूच म्हणाली, "मामा, निदान पाण्यावरून तरी बोलतील." पोरगी हुशार, आईबापांवर गेलेली नाही. चूक एवढीच झाली की दोघांपैकी एक तरी तोंड उघडेल असं ती धरून चालली.

कोणीच उघडलं नाही. सकाळी भावजी आंघोळीला गेले की ताई पाणी घाले. दुपारी ताईचा डोळा लागला की भावजी घालत. समोरच्याला त्या झाडाचं काही पडलेलं नाही, अशी दोघांचीही प्रामाणिक समजूत होती. लेकीची आठवण जरा जास्त आली की पाणीही जरा जास्त पडे.

पानं पिवळी पडू लागली. याच्या सिगारेटींनी झाडाची वाट लावली, असं ताईने मला कळवलं. हिच्या स्वयंपाकाच्या धुराने लावली, असं भावजींनी. आणि मग वेलीची कीव येऊन दोघांनीही पाणी वाढवलं.

शेवटी भाचीने मला तिकडे पिटाळलं. कुंडी खाली घेतली तर दगडासारखी जड. ताटलीत डबकं, मातीला गटारीचा वास. मुळं काळी पडली होती आणि बोटांत धरली की त्यांची सालं निसटून येत होती.

"पाणी कोण घालतं?" मी विचारलं.

"मी," दोघं एकदम म्हणाली.

मग त्यांनी एकमेकांकडे पाहिलं. भावजींच्या ओठांशी हसू आलं. ताईने हसू लपवायला तोंडावर हात धरला. मी चिखलाचे हात तसेच धरून राहिलो. पोरीचा डाव साधला, असं मला खरंच वाटलं.

"मला विचारायचंस," भावजी म्हणाले. सरळ तिला म्हणाले, मला नाही.

ताईने हात खाली घेतला.

"कोणाला विचारायचं?"

आवाजात राग असता तर मी मध्ये पडलो असतो, तेवढा सराव मला आहे. राग नव्हता. अनोळखी गल्लीत पत्ता विचारावा तसं तिने विचारलं. भावजी उत्तर शोधत राहिले. ते त्यांना सापडलं नाही, हे आम्हा तिघांनाही एकदमच कळलं.

अशी वेल वाचवायची तर सडका भाग टाकून द्यायचा आणि पेर राखून शेंडे पाण्यात ठेवायचे. ताईने कात्री आणली. मी कापत गेलो. बाटल्या मात्र ज्याने त्याने आपापल्या आणल्या. न बोलता इतकं एकमत त्या घरात मी पहिल्यांदाच पाहिलं. ताईची बाटली लेकीच्या रिकाम्या खोलीत गेली. पाठोपाठ तिचं अंथरूण, औषधं आणि चष्म्याचं घर गेलं. भावजी दाराशी उभे राहून बघत होते. दार लोटून घेताना त्यांना लागू नये म्हणून ताईने ते सावकाश लोटलं.

संध्याकाळी भाचीचा फोन आला. बोलले, असं मी सांगितलं. ते खोटं नव्हतं. ती इतकी खूश झाली की काय बोलले, ते विचारायचं तिच्याकडून राहूनच गेलं. मीही आठवण करून दिली नाही.