गुळवेलीचं सत्त्व

प्रयागबाईंनी चिमूट जिभेवर ठेवली आणि रूपलानं नजर खाली घातली.

"कसं लागते?" रामरावांनी विचारलं. बायको औषध घ्यायची तेव्हा ते रोज असेच समोर येऊन बसत.

"नेहमीसारखंच," त्या म्हणाल्या. "जा तुमी, बैलायले पानी दाखवा."

रामराव उठून गेले. रूपलाचा जीव भांड्यात पडला, आणि तो पडला याचीच त्याला लाज वाटली.

प्रयागबाईंच्या छातीत गाठ होती. अकोल्याच्या डॉक्टरांनी कर्करोग सांगून हात टेकले होते. शेलूबाजारच्या वैद्यबुवांनी मात्र कडुनिंबावरच्या गुळवेलीचं सत्त्व द्यायला सांगितलं. "गाठ विरघळेल असं मी म्हणत नाही," ते म्हणाले होते, "पण अंगातले राखणदार जागे राहिले तर झुंजायला बळ येईल." आणि सत्त्व काढावं तर किन्हीराजाजवळच्या तांड्यावरच्या रूपलानंच, असं पंचक्रोशीत बोललं जाई. अंगठ्याएवढी जाड वेल आणायची, साल खरवडून ठेचायची, रात्रभर भिजवायची, चोळून गाळायची. मग तळाशी पांढरा साका बसतो. भाराभर वेलीतून मूठभर मिळालं तरी खूप. रूपलाला आपल्या हातगुणाचा भारी तोरा. 'रूपला रिकाम्या हातानं येत नाही,' हे तो स्वतःच चार लोकांत सांगायचा.

त्या साली, म्हणजे नवे पैसे निघाले त्या सालच्या वैशाखात, वेली वाळून गेल्या. कितीही ठेचा, तळाशी काही बसेना. तसं सांगायला जाणं म्हणजे नाक कापून घेणं. घरात गव्हाचा वाळलेला चीक होता. रूपलाची बायको धनीबाई प्रयागबाईंच्या घरी कुरडया करू लागायला गेली होती, तिथून तिला तो वाटीभर मिळाला होता. दिसायला दोन्ही सारखेच पांढरे. रूपलानं मागच्या उरलेल्या चिमूटभर सत्त्वात मूठभर चीक मिसळला. दुखणाईत बाईच्या औषधात! तेव्हा हात कसा झडला नाही, असं आता त्याला वाटत होतं.

"रूपला," प्रयागबाई हळूच म्हणाल्या, "तीन दिस भिजोलेला गहू मले समजत नाही काय? जलम गेला माहा कुरडया करन्यात. अन् हा तं माह्याच घरचा हाये."

रूपलाच्या कानांच्या पाळ्या तापल्या. "चुकलो, माय. वेलच भेटली नाही."

"मंग तसंच सांगाचं होतं ना, बापा. मी काय तुले खाल्लं असतं?"

रूपलानं औषधाची डबी परत घ्यायला हात पुढं केला. प्रयागबाईंनी ती उशाखाली सरकवली.

"ह्याहिले सांगू नोको," त्या म्हणाल्या. "म्या औशद घेतलं का ह्याहिले झोप लागते. खरं भेटन तवा आन."

"नाही सांगत, माय."

रूपला तडक अनसिंगकडं निघाला. आठ दिवस ओढे-नाले पालथे घातले. शेवटी एका पडक्या विहिरीवरच्या निंबावर हिरवी वेल सापडली. तिथंच ठेचली, भिजवली, गाळली. वाळल्यावर दोन-चार चिमटी भरली. ती पुरचुंडी धोतराच्या सोग्यात बांधून तो परत आला, तर रामरावांच्या ओट्यावर माणसं उघड्या डोक्यानं बसली होती. रामरावांचं डोकं नुकतंच भादरलेलं होतं.

रामराव आतून डबी घेऊन आले. "तुह्या औशदानं दोन महिने काढले रे तिनं. हे येवढं उरलं. शेजारच्या नानीबाईलेबी तशीच गाठ हाये म्हन्तात. तिले दे."

रूपलानं सोगा सोडला. "मालक, तिले हे द्या. ताजं हाये. डबी मी नेतो."

"दोन्ही एकच ना?"

खरं ओठांवर आलं होतं. पण बाईंना शब्द दिला होता.

"हो मालक. एकच."

रामरावांनी त्याला हात जोडले. त्या घरातून तांड्यावरच्या माणसाला आजवर कुणी हात जोडले नव्हते. त्यापेक्षा त्यांनी पायातलं काढून मारलं असतं तर बरं झालं असतं, असं रूपलाला वाटलं.

वाटेत ओतून टाकावी म्हणून त्यानं डबी दोनदा उघडली. पण अन्न होतं, प्रयागबाईंच्या घरचं. संध्याकाळी धनीबाईनं गूळ घालून तो चीक शिजवला आणि पोरांनी बोटं चाटून खाल्ला.

"तुमी काहून नाही घेत?" तिनं विचारलं.

"भूक नाही मले," रूपला म्हणाला, आणि अंगणात बसून वेल ठेचायचा दगड धूत राहिला.