जिची हाक, तिची ओ

डावी कूस

अपेक्षानं आईच्या खांद्याखाली हात घातला, गुडघा पलंगाच्या कडेला रोवला आणि धाकट्या बहिणीकडं पाहिलं. संस्कृतीनं कमरेखालची चादर मुठीत धरली. दोघींनी एकदम ओढलं. आई डाव्या कुशीवर वळली. पाठीशी उशी, गुडघ्यांच्या मध्ये वाकळेची घडी. पाठ कुठं ओलसर, कुठं तापलेली आहे का, ते अपेक्षानं बोटांनी चाचपलं.

बोटांना काही कळलं नाही.

तिनं हात बदलला. डाव्या हाताला आईची कातडी ऊन लागली. उजव्या हाताला नुसतं कापड.

"काय झालं गं?" संस्कृतीनं विचारलं.

"काय नाय. पाणी दे."

संस्कृतीनं पेला पुढं केला. तो अपेक्षाच्या उजव्या हातातून सुटला आणि गडगडत पलंगाखाली गेला. त्याचा आवाज थांबेपर्यंत दोघी जागच्या हलल्या नाहीत.

आईचं असंच सुरू झालं होतं. पेल्यापासून. मग हात गेले, मग पाय, आणि दिवाळी झाल्यावर वाचा. घाटी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, नसांचा आजार आहे. ऐकू येईल, कळेल सगळं, बोलता तेवढं येणार नाही.

आईचे डोळे खाली लागले होते, पेला गेला त्या बाजूला.

पाठ

वाचा गेल्याचं करमाडला, आईच्या माहेरी, माहीत नव्हतं. मनकर्णाबाईला, म्हणजे आज्जीला, कुणी कळू दिलं नव्हतं. कारण मोतीराममामानं दिवाळीतच ठरवून टाकलं होतं. "संध्या बोलती हाय, तवर हे घर तिचं. वाचा गेली की मी तिला करमाडला नेणार. धाकटी मावशीकडं जाईल. अपेक्षाला स्थळ हायेच." तसा मामा वाईट नव्हता. वाईट असता तर त्याला नाही म्हणणं सोपं गेलं असतं.

मायलेकींचा गळा एकच, असं बाबा होते तेव्हापासून सगळे म्हणायचे. अपेक्षा फोन घ्यायची, दातांच्या फटीतून श्वास ओढायची आणि म्हणायची, "व्हय माय." करमाडला एवढं पुरत होतं.

आज्जीच्या गुडघ्यांना तिसऱ्या मजल्याचा जिना झेपत नव्हता, म्हणून दर अवसेला, दिवेलागणीला, ती फोनवरूनच दृष्ट काढायची. मीठमिरच्या तिकडं चुलीपाशी, लेकी-नाती इकडं स्पीकरपाशी. ती नावानं हाक मारायची. जिची हाक, तिनं ओ द्यायची. नियम एकच होता. दुसरीनं ओ दिली, तर जिचं असेल ते दुसरीच्या अंगावर जातं.

अपेक्षा यावर पूर्वी हसायची. दिवाळीनंतर मात्र तीच आईच्या नावाला ओ देत आली होती. अवसेमागून अवस.

आज अवस होती. तिन्हीसांजेला त्यांनी आईला पाठीवर आणलं, तेव्हा संस्कृती म्हणाली,

"ताई, आज नको उचलू फोन."

"मग मामा गाडी घेऊन येईल."

"येऊ दे."

"मावशीच्या म्हशी राखशील का?"

"राखीन."

"म्हशीला भेऊन रडतेस तू."

फोन वाजला.

करमाड

"संध्ये, लावला का स्पीकर?"

श्वास, दातांतून. "लावला माय."

"आवाज बसला का गं तुझा?"

"कूलरनं."

"मग बंद कर त्यो. बिल तरी वाचंल. बसा नीट. आल्याची, गेल्याची, बघून जळल्याची, चांगलं म्हणून गेल्याची… संध्या!"

"ओ," अपेक्षा म्हणाली, आईच्या गळ्यानं. बोटांतला बधिरपणा मनगटावर आला, कोपर ओलांडून खांद्यापाशी थांबला.

"अपेक्षा!"

तिनं तोंड उघडलं, तेवढ्यात त्यावर एक ऊन तळवा दाबला गेला. संस्कृती चवड्यांवर उभी होती.

"ओ," संस्कृती म्हणाली.

ओ अपेक्षाचीच होती. थोडी कंटाळलेली, शेवटाला खाली पडणारी. ही कधी शिकली, कुणास ठाऊक. अपेक्षानं डोळे वटारले. तळवा हलला नाही. अपेक्षाचा खांदा हलका झाला, दंड हलका झाला, बोटांच्या टोकांत जाग आली. आणि तोंडावरचा तळवा गार पडत गेला.

"संस्कृती!"

अपेक्षानं तो तळवा दोन्ही हातांनी ओढला. निघेना. गारठलेली बोटं गालात रुतली होती.

"संस्कृती! कुठं गेली गं धाकटी?"

पलंगावरून आवाज आला.

घशाच्या तळातून खरवडून काढलेला, फाटका, पण पुरता गोल.

ओ.

तिकडं चुलीत मिरच्या तडतडल्या. आज्जी बोलली तेव्हा तिचा आवाज खाली आला होता.

"आली. तिघींचीबी आली. ठसका नाय लागला, पोरीहो. लई मोठी नजर व्हती. मोतीरामला सांगते मी, संध्या बोलती हाय, गाडी राहू दे म्हणून."

फोन बंद झाला.

उजवी कूस

संस्कृतीनं हात खाली घेतला, मूठ वळली, उघडली. बोटं पुन्हा ऊन झाली होती. ती पलंगाखाली शिरली, धुळीनं माखलेला पेला फ्रॉकला पुसून तिनं अपेक्षाच्या उजव्या हातात दिला. तो राहिला.

मग कूस बदलायची वेळ झाली. अपेक्षानं खांद्याखाली हात घातला. संस्कृतीनं चादर धरली. दोघींनी एकदम ओढलं.

आई हलली नाही.

"ताई," संस्कृती म्हणाली, "आई जड झाली गं."

आईचे डोळे एकीवरून दुसरीवर गेले, पुन्हा पहिलीवर आले, आणि मिटले. अपेक्षानं गुडघा आणखी वर रोवला.

"हं. परत धर."